बांधावरची पहिली कबुली

राणीसावरगावापासून थोडं आत आमचं गाव. गावात कॅथलिक घरं बोटावर मोजण्याइतकी, आणि ती सगळी एका ओळीत, शेताच्या कडेला. चर्च नाही. महिन्यातून एकदा फादर मोटारसायकलवर येतात. शनिवारी दुपारी पोचतात, आमच्याकडे मुक्काम करतात आणि रविवारी सकाळी आमच्याच अंगणात मिस्सा, म्हणजे आमची उपासना, होते. ज्या टेबलावर मी शाळेचे पेपर तपासते तेच टेबल, त्यावर माझ्या लग्नातली पांढरी चादर. मेणबत्त्या फादर आणतात.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. माहेरी पहिली आणि सासरीही पहिली. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, मला सिस्टरांच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. तिथून बारावी झाले, मग गंगाखेडहून रेल्वेनं परभणीला ये-जा करत बी.ए. केलं. आता राणीसावरगावच्या एका खासगी शाळेत शिकवते. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. सासूबाई म्हणतात, पाहुण्याच्या हातात पाणी द्यायच्या आधी ही त्याला डिग्री देते. म्हणू देत. कष्टानं मिळवलेली गोष्ट झाकून ठेवायला ती काही चोरीची नाही.

तर लेकीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी मीच करून घेणार हे उघडच होतं. आमच्यात मूल कळतं झालं की त्याला पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत देतात ती पातळ पांढरी चकती, देतात. पण त्याआधी पहिली पापकबुली. फादरसमोर बसायचं, आपल्या चुका आपल्या तोंडानं सांगायच्या, फादर देवाच्या वतीनं क्षमा करतात. मग दुसऱ्या दिवशी पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळीची ओढणी, हातात मेणबत्ती आणि प्रसाद. कबुली नाही तर प्रसाद नाही.

दिवाळीनंतर मी तिला रोज संध्याकाळी बसवायला लागले. प्रार्थना तिला लवकर पाठ झाल्या, पाठांतराला ती माझ्यासारखीच आहे. प्रसाद घ्यायचा सराव आम्ही पोळीवर केला. पोळी लाटून भाजायची, तिच्यावर बाटलीचं झाकण दाबून गोल चकत्या काढायच्या. मग मी म्हणायची, "ख्रिस्ताचं शरीर," ती म्हणायची, "आमेन," आणि डावा तळहात उजव्यावर ठेवून पुढं करायची. सुरुवातीला ती चकती घेऊन पळायची आणि गुळाबरोबर खायची. मग हळूहळू शांतपणे घ्यायला लागली. तिच्या पप्पांना रात्री उरलेली, भोकं पडलेली पोळी मिळायची. ते ती तोंडाला लावून भोकातून आमच्याकडे बघायचे.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. अडलं ते कबुलीवर.

आमच्याकडे कबुलीला वेगळी खोली नाही. बोर्डिंगात असताना मी लाकडी जाळीच्या आड गुडघे टेकून कबुली दिली होती. आत कोण बसलंय ते दिसायचं नाही, त्यामुळं धीर यायचा. इथं अंगणातल्या कडुलिंबाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. एकीवर फादर गळ्यात जांभळा पट्टा घालून बसतात, तोंड भिंतीकडं करून. दुसरीवर कबुली देणारा. बाकीचे लांब फाटकापाशी उभे राहतात आणि आपण काही ऐकत नाही असं दाखवतात. ऐकूही येत नाही. फक्त माझ्या सासूबाईंचं येतं.

सासूबाईंना कमी ऐकू येतं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला वाटतं की समोरच्यालाही कमी येतं. त्या फादरच्या कानाशी तोंड नेतात आणि शेतात हाक मारावी तशा आपली पापं सांगतात. भिंतीपलीकडं आक्कांचा आखाडा, म्हणजे घर-गोठा आहे. आक्का म्हणजे आमच्या शेजारच्या शेतकरीण, माझ्या सासूबाईंपेक्षा थोड्या लहान, बोलण्यात कुणाला न हरणाऱ्या. एका महिन्यात सासूबाईंनी लिंबाखाली बसून सांगितलं की शेजारीण सांडपाणी आमच्या दारात सोडते म्हणून मी तिला शिव्या दिल्या, तिच्या म्हशीलाही दिल्या. भिंतीपलीकडं आक्का शेण गोळा करत होत्या. त्या सरळ उभ्या राहिल्या आणि भिंतीवरून म्हणाल्या, "माझं जाऊ द्या. म्हशीनं काय केलं होतं?" फादरनी मान वर केली नाही. सासूबाईंना ते ऐकूही गेलं नाही, त्यांनी पुढचं पाप सुरू केलं. पुढं कितीतरी दिवस गावातली माणसं आम्हाला म्हशीची खुशाली विचारत होती.

हे सगळं लेकीनं फाटकापाशी उभं राहून बघितलं होतं.

डिसेंबरात, ऐन थंडीत, लेक एकदम गप्प झाली. परभणीकडची थंडी बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण पहाटे पाण्यात हात घालवत नाही. मला वाटलं सर्दीनं सुस्तावली असेल. जेवायची, शाळेत जायची, प्रार्थनाही म्हणायची. पण कबुलीचा विषय काढला की उठून जायची. कबुली कशी द्यायची ते पुन्हा एकदा बघू म्हटलं तर म्हणायची पोट दुखतंय. एकदा सरळ म्हणाली, "मला न्हाई जायचं लिंबाखाली. प्रसाद बी नको."

मी आधी रागावले. फ्रॉक आणून ठेवलेला, पाहुण्यांना सांगून झालेलं. जानेवारीतल्या मिस्सेला माझी आई येणार होती, तिच्या बहिणी येणार होत्या. मग एक दिवस शाळेतून येताना माझ्या मनात दुसरंच आलं. लेकरू कधी असं एकाएकी गप्प होतं? मुलीची आई असलेल्या बाईला मी काय म्हणते ते कळेल. घरी येऊन तिला जवळ घेतलं आणि विचारलं, कुणी काही केलं का, कुणी हात लावला का, शाळेत, रस्त्यात, आल्यागेल्यांपैकी कुणी. तिनं माझ्याकडे नवलानं बघितलं.

"मला कुणी काय न्हाई केलं गं मम्मी."

"मग काय झालंय?"

"सांगितलं तर तू आज्जीला सांगशील. आज्जी वरडती. मग सगळ्यांला कळतंय."

म्हणजे काहीतरी होतं. तिच्या पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, लेकरांचं असतंच काहीतरी, फादरला सांगेल. मला झोप येईना. मी तिच्या शाळेत जाऊन बाईंना भेटले, तिच्या मैत्रिणींना आडून आडून विचारलं, ती कुठल्या रस्त्यानं येते ते बघितलं. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून जास्तच भीती वाटायला लागली.

त्याच दिवसांत शेजारी एक कटकट चालू होती. आक्कांनी एक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. गोठ्याच्या कोपऱ्यात भुसकट घालून केलेली जागा, आणि वरून झाकायला डालगं, म्हणजे बांबूची मोठी पालथी टोपली. पिलं निघायला आली असताना एका सकाळी बघतात तर डालगं झाकलेलं, कोंबडी बाहेर, आणि अंडी रात्रभर गारठून दगड झालेली. आदल्या दुपारी गोठा झाडला होता आक्कांच्या सुनेनं. नवीन लग्न होऊन आलेली पोर, बोलायला कमी. आक्कांनी ते तिच्या अंगाला चिकटवलं ते चिकटवलंच. पिलं गेल्याचं त्यांना दुःख होतंच, पण त्यांना बोलायला विषयही मिळाला. माहेरी कोंबडी बघितली नव्हती का, झाकताना आत काय आहे ते बघायचं असतं हे आईनं शिकवलं नाही का. भाकरी करपली तरी अंडी, दूध उतू गेलं तरी अंडी. ती पोर एकदाच म्हणाली की मी डालग्याला हात लावला नाही. त्यावर आक्का म्हणाल्या, मग कोंबडीनंच बाहेर येऊन झाकून घेतलं असेल. आम्ही भिंतीअलीकडं हे ऐकायचो आणि खरं सांगायचं तर हसायचोही. माझ्या डोक्यात माझीच काळजी होती. शेजारच्या अंड्यांशी तिचा काही संबंध असेल असं मला कशाला वाटेल?

संक्रांत झाली आणि तो शनिवार आला. फादर दुपारी पोचले, तोंड धुऊन जेवायला बसले. भाकरी, पिठलं, ठेचा, त्यांना आमच्याकडचं एवढंच आवडतं. मी भाकरी थापत होते, सासूबाई चुलीपुढं जाळ घालत होत्या. लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"फादर, त्या दिवशी आज्जीनं कबुलीत काय सांगितलं?"

सासूबाईंना ऐकू गेलं नाही. माझा हात परातीत थांबला.

"मला काय माहीत," फादर म्हणाले.

"तुमच्याच कानात सांगितलं की."

"असेल."

"म्हशीचं सांगितलं. सगळ्या गावाला माहीत हाय."

"गावाला माहीत असेल. मला माहीत नाही."

"आज्जीनंच विचारलं तर?"

"आपण होऊन मी काढायचा नाही तो विषय. तिच्यासमोरही नाही."

लेकीनं जरा विचार केला. मग माझ्याकडे बोट केलं. "आन् मम्मीनं विचारलं तर? मम्मी बी.ए. हाय."

"तुझ्या मम्मीनं एम.ए. केलं तरी नाही," फादर म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

ती बाहेर गेली. मला वाटलं झालं, गेली पळून. पण ती दारातून परत आली.

"बसूनच सांगावं लागतंय का? लिंबाखालीच?"

"मग कुठं?"

"चालता चालता. तिकडं बांधावर. देवाला ऐकू जाईल ना?"

"जाईल की. देवाचे कान चांगले आहेत," फादर म्हणाले, आणि चुलीकडं बघून आवाज खाली आणून पुढं म्हणाले, "आज्जीपेक्षा."

लेक हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

फादरनी हात धुतले, सदऱ्यावरच जांभळा पट्टा घातला, चपला घातल्या आणि मागच्या दारानं दोघं बांधावर गेले. एका बाजूला ज्वारी उभी, दुसऱ्या बाजूला हरभरा. मी मागच्या दारात उभी राहिले. ऐकू येणार नाही एवढं अंतर ठेवून, पण दिसावं म्हणून. मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. फादर हात मागं बांधून चालत होते, लेक त्यांच्या पुढं-मागं होत होती. बांध अरुंद आहे, दोघं शेजारी मावत नाहीत. विहिरीजवळ जाऊन ती थांबली आणि हातांनी काहीतरी दाखवायला लागली. आधी एक मूठ वर धरून तिच्यात वाकून बघितल्यासारखं केलं. मग दोन्ही हात पसरून गोल केला आणि खाली दाबला. मला त्याचा काही अर्थ लागेना. फादर मान खाली घालून ऐकत होते. मध्येच तिनं फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसलं. मागून सासूबाई विचारत होत्या की ते दोघं उन्हात काय करायलेत. मी बोटानं गप्प राहायची खूण केली तर त्यांनी तेच मोठ्यानं पुन्हा विचारलं.

शेवटी फादरनी हात वर करून क्रुसाची खूण केली. लेकीनं हात जोडले. आणि मग ती बांधावरून पळत सुटली, एवढी जोरात की एक चप्पल हरभऱ्यात गेली. ती काढायलाही थांबली नाही. माझ्यापाशी आली, माठातलं पाणी घटाघट प्याली, तोंडावर मारलं आणि पुढच्या दारानं निघाली.

"कुठं चाललीस?"

"कबुलीतलं विचारायचं नसतंय मम्मी."

फादर सावकाश मागून आले, हातात तिची चप्पल घेऊन. मी इतका वेळ धीर धरला होता, पण आता राहवेना. विचारलं, "फादर, काळजीचं काही नाही ना?" फादरनी चप्पल दाराशी ठेवली, शेताकडं वळून बघितलं आणि म्हणाले की हरभरा यंदा छान आलाय.

मी भिंतीपाशी गेले. सरळ जाऊन उभी राहिले, लपून नाही. पलीकडं आक्का सुपात तूर पाखडत होत्या, सून भांडी घासत होती. माझी लेक एका पायात चप्पल घालून त्यांच्यापुढं उभी होती.

"काकी, ते डालगं मी झाकलं होतं. वहिनीनं न्हाई."

सूप थांबलं.

मग तिनं सगळं सांगितलं, एका दमात, धडा म्हणावा तसं. अंड्याखाली उजेड धरला की आत लाल शिरा दिसतात हे मीच तिला कधीतरी शिकवलं होतं. ते बघायला ती दुपारी कुणी नसताना बॅटरी घेऊन गोठ्यात गेली. कोंबडी टोचायला लागली म्हणून तिला हुसकून बाहेर काढलं. एक अंडं मुठीत धरून बघितलं, शिरा दिसल्या. तेवढ्यात आक्कांचा खोकला ऐकू आला. तिनं अंडं परत ठेवलं, डालगं नीट झाकलं आणि पळाली. नीट झाकलं, हे तिनं दोनदा सांगितलं. नीट झाकलं म्हणूनच कोंबडीला आत जाता आलं नाही हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, वहिनीला बोलणी बसायला लागल्यावर. आणि ती बोलणी आमच्या घरात रोज ऐकू येत होती, तिलाही.

मी भिंतीला हात टेकला. माझ्या डोळ्यांपुढं जे जे येत होतं, त्यातलं काहीच नव्हतं. कोंबडीची अंडी होती. मला हसू आणि रडू बरोबरच यायला लागलं आणि मी पदर तोंडाला लावला. अशी हलकी मी माझ्या शेवटच्या पेपरानंतरही झाले नव्हते.

आक्कांनी सूप मांडीवर घेतलं आणि लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या आज्जीच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, आन् तू तोंडात अंडी उबवत बसलीस की गं इतके दिवस."

भांड्यांपाशी सून हसली. हसली आणि लगेच पदर डोळ्याला लावला. आक्कांनी तिच्याकडं बघितलं नाही. सुपातले खडे वेचत म्हणाल्या, "उद्या ह्यांच्याकडं मिस्सा हाय म्हणं. जाऊन ये. भांडी मी बघते."

त्या पोरीला एवढ्यानं पुरलं का, मला माहीत नाही. आक्कांकडून तेवढंच येणार होतं, आणि तेही आमच्या लेकीसमोर आलं. सून उठली, हात पुसले, माझ्या लेकीच्या गालावरून बोट फिरवलं आणि तिला फाटकापर्यंत सोडायला आली. मी आक्कांना भिंतीवरून म्हटलं की आमच्या कोंबडीची अंडी देते, परत बसवा. त्या म्हणाल्या, "दे. पण तुझ्या पोरीला सांग, ह्या बारीला शिरा बघायच्या असल्या तर मला सांगून ये. मला बी बघायच्यात."

सासूबाई मागं येऊन उभ्या होत्या. काय झालं म्हणून त्यांनी मला तीनतीनदा विचारलं. मी सांगितलं की काही नाही, हरभरा छान आलाय.

रविवारी सकाळी लेक सगळ्यांच्या आधी उठून बसली होती. माझी आई आली होती, ऊसतोडीच्या कोयत्यानं घट्टे पडलेल्या हातांनी तिनं नातीच्या ओढणीला पिना लावल्या. फाटकापाशी सगळे जमलेले असताना आक्का आल्या, डोक्यावर पदर घेऊन, आणि चांगल्या कामाला निघालेल्या लेकराला देतात तसा तिळगुळाचा लाडू लेकीच्या हातावर ठेवला. मागं त्यांची सून, नवी साडी नेसून. प्रसादाआधी तासभर काही खायचं नसतं. लेकीनं लाडवाकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं. खाल्ला नाही तर आक्का रुसतील, खाल्ला तर प्रसाद जाईल. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "काकी, ह्यो मी मागून खाते. मम्मी धरती." आणि लाडू माझ्या हातात कोंबला.

मिस्सा सुरू झाली. आक्का फाटकाच्या बाहेर उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत. त्यांची सून मागच्या सतरंजीवर बसली. प्रसादाची वेळ आली, लेक पुढं गेली. डावा तळहात उजव्यावर. फादर जे म्हणाले त्यावर तिचं आमेन इतकं मोठ्यानं आलं की सासूबाईंनाही ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडं वळून मान डोलावली. आई रडत होती. मी रडले नाही, मला रडायचं राहिलंच नव्हतं. माझ्या मुठीत तो लाडू उन्हानं आणि माझ्या घामानं पाक झाला होता, गूळ बोटांमधून मनगटाकडं चालला होता.

मिस्सा संपली, फादरनी मेणबत्त्या विझवल्या. लेक आजीच्या, मावश्यांच्या हातांतून सुटून आधी माझ्याकडं आली.

"माझा लाडू?"

मी मूठ उघडली. तिनं माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि तळहातावरचा गूळ चाटून पुसून खाल्ला, फ्रॉकवर एकही ठिपका पडू न देता.